इस्लामी स्त्रीवाद

कुराणाच्या आधारे स्त्री-पुरुष समतेची मांडणी करणारा आधुनिक विचारप्रवाह. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो ठळक झाला. मुलींच्या उच्च शिक्षणाचा प्रसार हे त्यामागचे मोठे कारण. धर्मग्रंथ स्वतः अभ्यासणाऱ्या स्त्रियांनी अर्थनिर्णयाच्या अधिकारावर हक्क सांगितला.

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी (१९४०–२०१५) यांनी स्त्रीला राज्यकारभारासाठी अपात्र ठरवण्यास वापरल्या जाणाऱ्या हदीसची (पैगंबरांचे म्हणून सांगितलेल्या वचनाची), तिच्या निवेदकासह, कठोर चिकित्सा केली. अमेरिकेतील आमिना वदूद यांचा ‘कुराण आणि स्त्री’ या विषयावरील ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषाच्या वर्चस्वासाठी दाखला म्हणून दिली जाणारी सूरा निसामधील ३४ वी आयत कुराणाच्या समग्र न्यायतत्त्वाच्या प्रकाशात वाचावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजाचे नेतृत्व केले, तेव्हा जगभर वाद उसळला. त्यांचे मोलाचे कार्य मात्र अर्थनिर्णयाच्या पद्धतीतच आहे.

कैरोतील मशिदींत धर्मशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून मानवशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी वेगळाच प्रश्न विचारला: स्वेच्छेने धर्मनिष्ठा जोपासणाऱ्या स्त्रीला केवळ दबलेली मानावे काय? स्त्रीचे कर्तेपण प्रतिकारातूनच दिसते, या गृहीतकाला त्यामुळे जबर धक्का बसला.

समतेचा हा प्रश्न कायद्याच्या क्षेत्रातही आला. मोरोक्कोच्या २००४ च्या कौटुंबिक कायद्याने मुलींचे विवाहवय १५ वरून १८ केले. महाराष्ट्रात समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत तोंडी तलाकविरोधी मोर्चा काढला. त्यांची भूमिका धर्मनिरपेक्ष होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने पुढे याच प्रश्नावर कुराणाचाच आधार घेतला.