परीक्षा आणि प्रदर्शन : बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेतील विद्यार्थिप्रदर्शनांचा इतिहास

१

‘परीक्षा’ आणि ‘प्रदर्शन’ हे दोन्ही शब्द मराठीने संस्कृतातून घेतले, आणि दोहोंच्या मुळाशी पाहण्याचीच क्रिया आहे. ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘ईक्ष्’ हा धातू यांच्या योगाने ‘परीक्षा’ सिद्ध होते. सर्व बाजूंनी न्याहाळणे हा तिचा मूळ अर्थ. ‘प्र’ उपसर्गपूर्वक ‘दृश्’ धातूपासून ‘प्रदर्शन’ होते, आणि त्यात प्रयोजक अर्थ अनुस्यूत आहे. पुढे करून दाखविणे हा त्याचा आशय. म्हणजे परीक्षेत कर्ता पाहणारा असतो, प्रदर्शनात तो दाखविणारा असतो. व्यवहारात या दोन क्रिया सहसा दोन निरनिराळ्या ठिकाणी घडतात. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका कोणी भिंतीवर टांगीत नाही. परंतु कलेच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका म्हणजेच त्याचे चित्र. ते भिंतीवर लागल्याखेरीज परीक्षकाला पाहता येत नाही, आणि एकदा भिंतीवर लागले म्हणजे केवळ परीक्षकानेच ते पाहावे असा निर्बंध टिकविणेही सोपे नसते. विद्यापीठाने कलाशिक्षण आपल्या छत्राखाली घेतले तेव्हा ही अडचणही त्याबरोबर आपोआप आत आली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विद्याशाखेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

२

बडोद्यापूर्वीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. शिकणे आणि परीक्षा देणे हे शाळेत. चित्रे लोकांपुढे मांडणे, पदके मिळविणे आणि ग्राहक शोधणे हे सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात. दोन्ही घरांत ये-जा होती. तथापि घरे दोन होती. शाळा पदविका देई, तिचा संबंध सरकारी शिक्षणखात्याशी होता, आणि विद्यार्थ्यांनी स्वतःचा एखादा गट करून आपले म्हणणे जाहीरपणे मांडावे अशी सोय त्या रचनेत नव्हती. गोव्यातील साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा याला १९४५ साली शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि १९४७ साली त्याच्याच पुढाकाराने रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. आधुनिक भारतीय चित्रकलेतील या प्रसिद्ध गटाचा जन्म शाळेच्या बाहेर आणि काही अंशी शाळेच्या विरोधात झाला, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

बडोद्यातही कलाशिक्षणाची परंपरा जुनी होती. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. पुढे चित्रपटाच्या क्षेत्रात नाव मिळविणारे दादासाहेब फाळके तेथे शिकले. परंतु कलाभवनाचा रोख उद्योगधंद्यांवर होता. तेथील ‘कला’ या शब्दात रंगाई, विणकाम, यंत्रकाम आणि चित्रकाम ही सर्व एकत्र नांदत होती.

१९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि १९५० साली स्वतंत्र ललितकला विद्याशाखा उघडण्यात आली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता. चित्रकलेसाठी इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पकलेसाठी शंखो चौधुरी आले, आणि १९५१ साली के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. चौधुरी व सुब्रमण्यन हे शांतिनिकेतनात घडलेले. बेंद्रे देवळालीकरांच्या इंदूर परंपरेतील, मुंबईची पदविका घेतलेले आणि अमेरिका पाहून आलेले. या विद्याशाखेत पदविकेऐवजी पदवी मिळू लागली, आणि चित्र काढण्याबरोबरच कलेचा इतिहास व सौंदर्यविचार शिकणे विद्यार्थ्याला आवश्यक झाले. आपल्या चित्राविषयी चार वाक्ये बोलता येणे हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

३

१९५६ साली ‘बडोदा ग्रुप’ या नावाने एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने मुंबईत प्रदर्शन भरविले. बेंद्रे त्यात होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट, शांती दवे, रतन परिमू, गुलाम रसूल संतोष हे तरुणही होते. गुरू आणि शिष्य एकाच भिंतीवर, एकाच नावाखाली आले. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी याची तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. मुंबईचा गट शाळेतून बाहेर पडून झाला. बडोद्याचा गट विद्याशाखेतूनच निघाला, आणि प्राध्यापकच त्याच्या अग्रभागी होता.

या व्यवस्थेचे लाभ उघड होते. काश्मिरातून आलेल्या संतोष आणि परिमू यांच्यासारख्यांना, किंवा भावनगरच्या ज्योती भट्टांना, मुंबईच्या दालनात ऐन तारुण्यात उभे राहता आले. परीक्षकच सहप्रदर्शक झाल्यामुळे ‘आधी परीक्षा, मग पुष्कळ वर्षांनी प्रदर्शन’ हा जुना क्रम मोडला. परंतु एक प्रश्न त्यामुळे झाकला गेला. ज्या गटात गुरू आहे त्या गटातून गुरूशी मतभेद कसा मांडावयाचा? बेंद्रे मोठे उदार शिक्षक होते आणि स्वतःही शैली वारंवार बदलीत, म्हणून हा प्रश्न त्या काळी तीव्र झाला नाही. तो व्यक्तीच्या स्वभावाने सुटला होता, संस्थेच्या रचनेने नव्हे.

४

१९६१ साली विद्याशाखेच्या आवारात मेळा भरविण्यास सुरुवात झाली. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून खेळणी, मातीच्या वस्तू, छापील कापड असे जिन्नस करावे आणि गावातील लोकांनी येऊन ते पाहावे, विकत घ्यावे, असे त्याचे स्वरूप होते. सुब्रमण्यन यांची लाकडी खेळणी याच प्रसंगांतून पुढे आली. प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकण्यास संकोचणारा बडोदेकर, मग तो गुजराती असो वा वाड्यातला मराठी गृहस्थ असो, मुलाबाळांसह मेळ्याला येऊ शकत होता. कलाभवनाच्या काळात कारागिरी आणि कला यांत जे नाते होते, ते वेगळ्या मार्गाने येथे पुन्हा जोडले गेले असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या बाजूने गटाची कल्पनाही बदलत होती. १९६२ साली भावनगर येथे काही चित्रकार जमले आणि ज्या घरात ते जमले त्याच्या क्रमांकावरून त्यांनी आपल्या मंडळाला ‘ग्रुप १८९०’ असे नाव दिले. कलाभवनाच्या स्थापनेचे वर्षही तेच असले तरी तो केवळ योगायोग होय. १९६३ साली दिल्लीत त्यांचे एकमेव प्रदर्शन झाले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले, सूचिपत्रात ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिले, जाहीरनाम्यामागे स्वामिनाथन होते. बारा सभासदांपैकी ज्योती भट्ट, हिम्मत शाह, राघव कनेरिया, गुलाममोहम्मद शेख आणि जेराम पटेल यांचा बडोद्याच्या विद्याशाखेशी संबंध होता. गटाने केवळ चित्रे न मांडता त्यांबरोबर एक वैचारिक निवेदनही मांडावे, ही प्रथा येथे दृढ झाली.

५

तिचे टोक १९८७ साली दिसले. त्या वर्षी मार्च महिन्यात बडोद्याच्या विद्याशाखेच्याच दालनात ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ या नावाचे प्रदर्शन भरले. प्रश्न आणि संवाद, असे त्याचे मराठी करता येईल. ते भरविणारे बहुतेक तरुण केरळातील, त्रिवेंद्रमच्या कला महाविद्यालयातील विद्यार्थी आंदोलनाचा अनुभव घेऊन आलेले होते, शिल्पकार के. पी. कृष्णकुमार हे त्यांचे प्रमुख, आणि कलेतिहासाच्या विद्यार्थिनी अनिता दुबे यांनी त्यांचे निवेदन लिहिले. चित्र ही बाजारात फिरणारी वस्तू झाली आहे, आणि आपल्याआधीच्या पिढीची कथनपर चित्रकलाही या बाजारापासून मुक्त नाही, असा त्यांचा आरोप होता. ही आधीची पिढी म्हणजे, इतर काहींबरोबर, त्याच विद्याशाखेतील नामवंत मंडळी. १९५६ साली जो प्रश्न झाकला गेला होता तो एकतीस वर्षांनी उघडपणे विचारला गेला, आणि तोही विद्याशाखेच्याच भिंतींवर. विद्यापीठाच्या उदारतेचा तो मोठा पुरावा मानला पाहिजे.

या मंडळाचा पुढील इतिहास अल्प आणि दुःखद आहे. १९८९ साली मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस येथे भरलेल्या ‘टाइमलेस आर्ट’ प्रदर्शनास व त्यास जोडलेल्या लिलावास त्यांनी विरोध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्णकुमार यांनी आत्महत्या केली आणि मंडळ विसर्जित झाले. बाजाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटाला बाजाराबाहेर निर्वाहाचे साधन मिळाले नाही, हे त्या काळाचे एक कठोर सत्य होते.

६

यानंतरची घटना २००७ सालची. दर वर्षी अखेरीस विद्यार्थी आपापले काम मांडतात, परीक्षक गुण देतात, आणि इतरही लोक येऊन ते पाहतात, अशी विद्याशाखेची जुनी रीत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या चित्रांत देवतांचा अवमान झाला असा आक्षेप घेऊन बाहेरची काही मंडळी आवारात शिरली. पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली आणि त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. सहाध्यायांनी निषेध केला तो प्रदर्शनानेच. भारतीय शिल्प व चित्र यांच्या प्राचीन परंपरेतील शृंगारविषयक प्रतिमांच्या प्रतिकृती, विभागाच्याच संग्रहातून काढून, त्यांनी मांडल्या. कलेच्या इतिहासात जे अभ्यासास नेमलेले होते तेच त्यांनी भिंतीवर आणले. ते प्रदर्शन बंद करण्याचा आदेश निघाला, प्रभारी अधिष्ठात्यांनी तो मानण्यास नकार दिला, आणि त्यांना निलंबित करण्यात आले.

या प्रसंगी विद्यार्थ्याच्या बाजूने केलेल्या एका युक्तिवादाचा येथे विशेष विचार केला पाहिजे. ही मांडणी परीक्षेसाठी होती, सार्वजनिक प्रदर्शन नव्हते. म्हणून बाहेरच्या माणसांना तेथे येऊन आक्षेप घेण्याचा अधिकारच नव्हता, असे सांगण्यात आले. हा युक्तिवाद नियमाने बरोबर होता, आणि संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी तो करणे आवश्यकही होते. परंतु त्याची किंमत लहान नव्हती. १९५६ च्या गटाने, १९६१ च्या मेळ्याने आणि १९८७ च्या निवेदनाने जे मिळविले होते ते नेमके याच्या उलट होते : विद्यार्थ्याचे काम हे केवळ गुणांसाठी नसून लोकांसाठी आहे. परीक्षेच्या आडोशाला जाताना ‘दाखविणारा’ हा कर्ता पुन्हा मागे सरला आणि ‘पाहणारा’ तेवढा उरला. सहाध्यायांनी प्रतिकृतींचे जे दुसरे प्रदर्शन भरविले त्याचे महत्त्व यामुळेच अधिक. त्यास परीक्षेचे कोणतेही कवच नव्हते. ते शुद्ध प्रदर्शन होते. २०२२ साली वार्षिक मांडणीवरूनच पुन्हा वाद होऊन एका विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढण्यात आले. प्रश्न अद्याप मिटलेला नाही एवढे यावरून स्पष्ट होते.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष कलाशिक्षणापुरता मर्यादित नाही. विद्यार्थ्याची परीक्षा घेण्याचा अधिकार विद्यापीठाला आहेच. परंतु ज्याने त्याला बोलावयास, लिहावयास आणि मांडावयास शिकविले, त्या विद्यापीठावर त्याच्या दाखविण्याच्या हक्काचे उत्तरदायित्वही येते. ते केवळ एखाद्या उदार प्राध्यापकाच्या स्वभावावर सोडून चालत नाही. तशी व्यक्ती दूर झाली की हक्कही दूर होतो, हे १९५६ आणि २००७ ही दोन वर्षे शेजारी ठेवली म्हणजे समजते. कोणती मांडणी परीक्षेची आणि कोणती लोकांची, लोकांच्या मांडणीवर आक्षेप आल्यास तो कोणी व कसा ऐकावयाचा, आणि तोवर विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण उभे राहावयाचे, हे संस्थेच्या नियमांत स्पष्टपणे लिहिलेले असले पाहिजे. पुष्पबागेतील त्या भिंतींवर दर वर्षी नवी चित्रे लागतात. ती लावणाऱ्या हाताला आपण उत्तरपत्रिका टांगीत आहोत की जगापुढे काही ठेवीत आहोत, हे आधी ठाऊक असणे हा त्याचा किमान अधिकार होय.