व्याकरणाच्या पुस्तकातून निघालेली गोष्ट

गोष्ट सुचते कुठून? कुणी म्हणतं अनुभवातून, कुणी म्हणतं वाचनातून. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या बाबतीत एक उत्तर भलत्याच जागी सापडतं: ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातलं फिनिश व्याकरणाचं पुस्तक. पण तिथवर पोचायचं तर आधी जवळजवळ ऐंशी वर्षं मागे जावं लागेल.

१८३४ सालचा एप्रिल. रशियाच्या हद्दीतल्या कारेलियातलं लाटव्हायार्वी नावाचं खेडं. आर्हिप्पा पेर्तुनेन हा म्हातारा शेतकरी गात होता आणि एलियास ल्योनरोट हा फिनिश डॉक्टर वहीत उतरवून घेत होता. दोन दिवस उलटून गेले तरी गाणी संपेनात. सुमारे ४,००० ओळी झाल्या. आर्हिप्पानं लहानपणची आठवणही सांगितली. मासेमारीला गेल्यावर शेकोटीपाशी त्याचे वडील आणि त्यांचा एक सोबती हातात हात घालून रात्रभर गायचे आणि एकही गाणं दुसऱ्यांदा यायचं नाही. आता पोरांना यात रस नाही, आपल्या मागे मुलं गाणार नाहीत, ही त्याची खंत होती.

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनकडे होता, मग रशियाकडे गेला. शिकलेल्या लोकांची आणि कचेरीची भाषा स्वीडिश. फिनिश म्हणजे शेतकऱ्यांची बोली. अशा भाषेतली सुटी सुटी गाणी ल्योनरोटनं जुळवली, मधे काही ओळी स्वतःच्या घातल्या आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य आलं. १८४९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत ५० गीतं आणि २२,७९५ ओळी आहेत. गायकांची नावं मात्र त्यानं नेहमी टिपून ठेवली नाहीत. ज्यांच्या गळ्यातून हे आलं, त्यातले कितीतरी जण निनावीच राहिले.

या काव्यात गाणं हेच शस्त्र आहे. म्हातारा व्हाइनामोइनेन तलवार न उपसता, नुसतं गाऊन प्रतिस्पर्ध्याला दलदलीत रुतवतो. माशाच्या जबड्यापासून तंतुवाद्यही बनवतो.

पुढे १८९२ मध्ये सिबेलिअसनं यातल्या कुल्लेर्वोच्या कथेवर मोठी संगीतरचना केली. त्याची स्वतःची मातृभाषा स्वीडिश होती. त्याच वर्षी टॉल्किनचा जन्म झाला.

टॉल्किननं शाळेत असताना ‘कालेवाला’ इंग्रजीतून वाचलं होतं. मग ऑक्सफर्डमध्ये ते व्याकरण हाती लागलं. प्रोग्रामिंग शिकताना व्याकरण म्हणजे नियम, एवढंच आमच्या डोक्यात बसलं. टॉल्किनला त्या नियमांमधून नाद ऐकू आला. कधी न चाखलेल्या वाइननं भरलेलं तळघर सापडावं, तसं वाटलं, असं त्यानं पुढे एका पत्रात लिहिलं. लॅटिन-ग्रीकच्या परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला, तो इंग्रजीकडे वळला आणि स्वतःची एक भाषा घडवू लागला. तिचं नाव क्वेन्या. तिच्यावर फिनिशची छाप आहे.

१९१४ मध्ये त्यानं कुल्लेर्वोची कथा गद्यात लिहायला घेतली. घरदार गमावलेल्या, गुलामीत वाढलेल्या मुलाची ही कथा. टॉल्किन स्वतः बाराव्या वर्षी पोरका झाला होता. ती कथा अपुरी राहिली, पण तिच्यातूनच पुढे तुरिन हे त्याचं शोकात्म पात्र उभं राहिलं. आधी भाषा आली, मग ती बोलणारी माणसं, मग त्यांचा इतिहास. त्याच्या पुराणकथेत तर विश्वच संगीतातून जन्मतं.

गंमत म्हणजे फिनिश त्याला कधीच नीट आली नाही. मूळ काव्य तो अडखळत, थोडंसंच वाचू शकला. तेवढं पुरलं. परक्या भाषेवर हुकूमत नसली तरी तिचा आवाज कान देऊन ऐकता येतो, आणि न कळलेली जागा कल्पना भरून काढते.

आणि आर्हिप्पाची खंत? त्याचा मुलगा मीह्काली आंधळा झाला, पण पुढे त्या मुलुखातला नावाजलेला गायक म्हणून ओळखला गेला. म्हाताऱ्याला वाटलं होतं, पोरं ऐकत नाहीत. एक पोरगं ऐकत होतं.