महाडचा सत्याग्रह नीट समजून घ्यायचाय? आधी हे वाचा, मग हे पाहा

शिवथरघळीला निघालेला माणूस बहुतेक वेळा महाडमार्गेच जातो. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ या घळीत लिहिला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली. त्याच्या तीनच वर्षं आधी याच तालुक्यात एक ग्रंथ जाळण्यात आला होता. तो ग्रंथ मनुस्मृती आणि तारीख २५ डिसेंबर १९२७.

त्या वर्षीच्या मार्चमधला चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात साधारण दोन ओळींत आटोपतो. मार्च २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. तोवर राजकारणात रस असणाऱ्यांनी त्या दोन ओळींच्या पुढे जायचं, तर सुरुवात कुठून करावी?

पहिलं वाचन: ‘बहिष्कृत भारत’

२० मार्चला तळ्याचं पाणी प्यायलं गेलं आणि ३ एप्रिलला डॉ. आंबेडकरांनी हे पाक्षिक सुरू केलं. राज्य सरकारने त्याचे अंक ग्रंथरूपात काढले असून वसंत मून त्याचे संपादक आहेत. पुढच्या कुणाचंही विश्लेषण वाचण्याआधी हे वाचावं. एक गैरसमज इथेच दूर होतो. लढा पाण्यासाठी होता असं आपण सहज म्हणून जातो. पण पाणी प्यायलो नाही तर आम्ही मरणार नाही, समतेचा पाया घालायला आलो आहोत, अशी आंबेडकरांची भूमिका होती. डिसेंबरच्या परिषदेची तुलना त्यांनी थेट १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली होती.

मग आनंद तेलतुंबडे यांचं ‘महाड’

२०१६ मध्ये आलेलं हे पुस्तक इंग्रजीत आहे आणि चांगलंच जाडजूड आहे. पण या यादीतलं एकच वाचायचं असेल, तर हेच. मुंबई कायदे मंडळातला सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव, महाड नगरपालिकेने तो मान्य करणं, पाणी प्यायल्यावर झालेली मारहाण, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ आणि मग कोर्ट, असा सगळा क्रम त्यातून लागतो. खटल्याचा हायकोर्टातला निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. म्हणजे एका घोटासाठी दहा वर्षं!

यासोबत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणी वाचाव्यात. महाडजवळच्या दासगावचे मोरे हे परिषद घडवून आणणाऱ्यांपैकी एक. पुढे ते कम्युनिस्ट झाले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांचा उल्लेख कमीच होतो. त्यांचं अर्धं राहिलेलं लिखाण मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, पूर्ण केलं. महाड हा केवळ एका नेत्याचा पराक्रम नव्हता, ही गावोगावची तयारी होती, हे त्यातून कळतं.

पाहायचं काय?

जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ अनेकांनी पाहिला असेल. मामुट्टी यांनी त्यात आंबेडकर साकारले आहेत. पण तो कथाचित्रपट आहे, हे लक्षात ठेवून पाहावा. माहितीपटच हवा असेल तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. त्याचा विषय महाड नाही. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून तो सुरू होतो. तीन तासांहून मोठा आहे. एका बैठकीत जमलं नाही तर दोनदा बसा, पण त्यातली गाणी पुढे ढकलू नका.

आणि ‘दासबोध’?

तोही वाचावा. त्यात ‘राजकारण निरूपण’ नावाचे समास आहेत. माणसं कशी जोडावीत, कारभार कसा हाकावा, यावर रामदास फार व्यवहारी बोलतात. वर्णाबद्दल ते काय म्हणतात, तेही टाळू नये. घळ आणि तळं एका दिवसात पाहून होतात, ही पुस्तकं मात्र तशी उरकत नाहीत.

शेवटचं नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन हे पुस्तक केलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले होते. जातीची खूण ठरलेली लुगडं नेसायची पद्धत सोडा, असं त्यांनी सांगितलं आणि अनेकींनी ती तिथल्या तिथे बदलली.