'क्ष'चा क्रमांक

1997 साली आम्ही शाळेची सहामाहीची प्रश्नपत्रिका संगणकावर टाईप केली आणि फ्लॉपी घेऊन छापखान्यात गेलो. तेथील पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची रांगच्या रांग! फ्लॉपी तर बिघडलेली नव्हती. मग मराठी गेली कोठे?

खरे म्हणजे ती फ्लॉपीवर नव्हतीच. संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. अमेरिकेत 1963 साली ठरलेल्या 'आस्की' संकेतात असे 128 क्रमांक होते, तेही इंग्रजीपुरते. आमच्या फॉन्टच्या निर्मात्याने ए, बी, सी यांच्याच क्रमांकांवर काना, वेलांटी, अर्धा क यांची चित्रे बसवली होती. फॉन्ट बदलला की चित्रे बदलली. शिवाय प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी.

उपाय देशात आधीच निघाला होता. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि 1991 मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक आले. त्यातील कल्पना आम्हाला फार आवडते : क्रमांक चित्राला नव्हे, वर्णाला द्यायचा. 'कि' मधील वेलांटी डावीकडे दिसते, पण उच्चारात क आधी. म्हणून साठवायचाही क आधी. वेलांटी कोठे काढायची ते आज्ञावली पाहील. इन्स्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या.

1991 मध्येच 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या रूपावरूनच घेतली. पुढच्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, हे क्रमांक साठवण्याची 'यूटीएफ-8' पद्धत आखली. तिच्यात देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात, जुना इंग्रजी मजकूर मात्र जसाच्या तसा राहतो.

वर्गात फळ्यावर लिहून पाहावे : क 2325, हलन्ताची खूण 2381, ष 2359. तीन क्रमांक मिळून एक 'क्ष'! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात र 2352, दुसऱ्यात ऱ 2353. 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मात्र 2008 साली मिळाला.

जुन्या फॉन्टचा तक्ता हाती असेल तर त्यातील चित्रे पुन्हा वर्णांत उतरवता येतात. आमची फ्लॉपी अजून कपाटात आहे. तक्ता मिळालेला नाही.