नाशिक रोडचा छापखाना आणि त्याचे परदेशी ग्राहक

एका देशाचे काम दुसऱ्या देशात बसून करून देण्याच्या व्यवसायाची चर्चा गेल्या तीन-चार दशकांत बहुधा संगणक-सेवांच्या अनुषंगानेच होत आली आहे. मुंबई-पुण्याच्या मागोमाग नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरातही परदेशी आस्थापनांची कामे सांभाळणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि असा ग्राहक मिळवावा कसा व मिळाल्यावर टिकवावा कसा, हा प्रश्न जणू या नव्या व्यवसायाबरोबरच जन्मास आला असे मानले जाऊ लागले. वस्तुतः हाच प्रश्न त्याच शहरात, अवघ्या काही मैलांच्या अंतरावर, फार पूर्वी उपस्थित झालेला होता. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने परक्या राज्यांची टपालतिकिटे छापली, त्यांच्या चलनी नोटा छापल्या, आणि यथाकाल त्यांपैकी जवळजवळ सर्व ग्राहक गमावले. ते का आले याहूनही ते का गेले, याचा इतिहास अधिक उद्बोधक आहे.

आरंभी हे ध्यानात घेतले पाहिजे की, या व्यवहारात हिंदुस्थान प्रथम ग्राहक होता, कारागीर नव्हता. १८५४ साली येथील पहिली सर्वदेशीय टपालतिकिटे कलकत्त्यास, सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत शिळाछापावर निघाली. परंतु पुढल्याच वर्षापासून ते काम लंडनच्या डी ला रू या पेढीकडे जाऊ लागले व सुमारे सत्तर वर्षे तेथेच राहिले. कागदी चलनाची कथाही फार निराळी नाही. १८६१ च्या कायद्यानंतर सरकारने काढलेल्या नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यातून तयार होऊन जहाजाने येत. पहिल्या महायुद्धात हा समुद्रमार्ग किती बेभरवशाचा आहे याचा पडताळा आला. युद्धोत्तर काळात मुंबई टांकसाळीचे लेफ्टनंट-कर्नल विलिस आणि मुद्रण व लेखनसामग्री खात्याचे अॅस्कोली या दोन अधिकाऱ्यांवर हे काम येथे करता येईल की नाही याचा तपास सोपविण्यात आला. त्याची परिणती म्हणजे १९२५ साली नाशिक रोड येथे सुरू झालेला छापखाना. १९२८ पासून नोटाही तेथेच छापल्या जाऊ लागल्या. मुंबई बंदराशी लोहमार्गाने थेट जोडलेले, तरी समुद्रकिनाऱ्यापासून सुरक्षित अंतरावरचे, कोरड्या हवेचे आणि देवळालीच्या लष्करी छावणीस लागून असलेले हे स्थळ अशा कामास सोयीचे होते, हे नकाशा पाहताच पटते.

परदेशांचे पहिले काम छापखान्याकडे आले ते न मागता आले. कुवेत व बहरीन येथील टपालकचेऱ्या हिंदुस्थानच्या टपालखात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे हिंदी तिकिटांवरच त्या त्या प्रदेशाचे नाव छापून ती तेथे विकली जात. १९३७ च्या एप्रिलात ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून विभक्त झाला, तेव्हा त्याचीही आरंभीची सोय हिंदी तिकिटांवर नाव छापूनच करण्यात आली, आणि पुढल्या वर्षी त्या देशाची स्वतंत्र तिकिटे नाशिकला निघाली. या सर्वांना ग्राहक म्हणणे शब्दाची ओढाताण करणे होय. त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. साम्राज्याच्या एका दालनातून दुसऱ्या दालनात पाठवलेले ते काम होते, आणि ते दालन बंद होताच कामही थांबले. १९४७ साली ब्रह्मदेशाची चलनव्यवस्था रिझर्व्ह बँकेपासून निघून लंडनमधील एका चलनमंडळाकडे गेली. १९४८ च्या एप्रिलापासून आखाती टपालकचेऱ्यांत ब्रिटिश तिकिटांवर नावे छापली जाऊ लागली.

खऱ्या अर्थाने पहिला परदेशी ग्राहक नेपाळ. १९४५ पर्यंत त्या राज्यात स्वतःचे कागदी चलन नव्हते. नाणी चालत आणि तराईत हिंदी नोटा सर्रास वापरल्या जात. राणा राजवटीच्या शेवटच्या काळात, १९४५ साली, नेपाळने प्रथमच स्वतःच्या नोटा काढल्या आणि त्या नाशिक रोडला छापून घेतल्या. या निवडीमागची कारणे उघड आहेत. छपाई जवळच्या देशात व्हावयाची, माल बव्हंशी लोहमार्गाने सीमेपर्यंत न्यावयाचा, आणि नोटेवरचा मजकूर देवनागरीत असावयाचा. ज्या छापखान्यातील माणसांची स्वतःची लिपी देवनागरी, त्यास हे काम समजावून सांगण्याची गरज नव्हती. अशा कामात हा लाभ किरकोळ नसतो. अक्षराची एक चुकीची मात्रा नोटेवर गेली तर ती लक्षावधी प्रतींनी बाजारात जाते. १९५५ पर्यंतच्या नेपाळच्या साऱ्या नोटा नाशिकच्याच आहेत, आणि त्या देशाची कित्येक टपालतिकिटेही येथीलच आहेत.

नेपाळच्या उदाहरणात सान्निध्य उपयोगी पडले. पाकिस्तानच्या उदाहरणात तेच सान्निध्य अवघड झाले, आणि तो बदल काही महिन्यांतच घडला. १९४७ च्या ऑगस्टात नवे राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्याच्या हाती ना सुरक्षित मुद्रणाचा छापखाना होता, ना तशी यंत्रसामग्री. टपालकचेऱ्यांनी आपापल्या परीने रबरी शिक्के व स्थानिक छापखाने वापरून हिंदी तिकिटांवर नवे नाव उमटविण्यास प्रारंभ केला. त्यातून निर्माण झालेली विविधता तिकिटसंग्राहकांना आजही आनंद देते. टपालखात्याला मात्र ती डोकेदुखीच झाली असणार. अखेर सहाव्या जॉर्जच्या मुद्रेच्या हिंदी तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हे नाव एकसारखे छापून देण्याचे काम नाशिकने केले आणि ती तिकिटे १ ऑक्टोबर १९४७ रोजी विक्रीस आली. फाळणीच्या रक्तपातात, दोन्ही सरकारांत दररोज खटके उडत असता, एका राज्याच्या छापखान्याने दुसऱ्या राज्याचे नाव आपल्या तिकिटांवर सुबकपणे छापून दिले, ही घटना राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. संग्राहकांच्या सूच्यांत मात्र ‘नाशिक छाप’ ही तिची कायमची नोंद आहे.

चलनाचे प्रकरण अधिक नाजूक होते. फाळणीच्या व्यवस्थेनुसार रिझर्व्ह बँकेनेच ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहावयाचे होते. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चालावयाच्या हिंदी नोटांवर इंग्रजी व उर्दू या दोन्ही भाषांत ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाची अक्षरे छापण्यात आली. परंतु तत्पूर्वीच, जानेवारी १९४८ मध्ये, पाकिस्तानच्या वाट्याच्या शिल्लक रकमेपैकी ५५ कोटी रुपये भारत सरकारने अडवून धरले होते. गांधीजींच्या उपोषणाच्या काळात ती रक्कम मोकळी झाली खरी, पण ज्या राज्याचा खजिना आणि नोटांचे ठसे परक्याच्या कपाटात आहेत, त्याला घ्यावयाचा तो बोध मिळालेला होता. ठरलेली मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणण्यात आली आणि १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. त्याच महिन्यात निघालेली पाकिस्तानची पहिली स्वतंत्र तिकिटे डी ला रूची होती, आणि त्यानंतरच्या नोटाही. १९४९ मध्ये कराचीस स्वतंत्र सुरक्षा-मुद्रण संस्था स्थापन झाली, तीही त्याच पेढीच्या सहकार्याने. म्हणजे नाशिकहून निघालेला ग्राहक लंडनला गेला. त्याने छपाईत खोट काढल्याचे कोठे दिसत नाही.

आखाती प्रदेशांत घडले ते याहून वेगळे. कुवेत, बहरीन, कतार व ओमानच्या किनाऱ्यावरील संस्थाने यांत भारतीय रुपयाच प्रचलित होता. तेथे नेलेल्या रुपयांच्या बदल्यात स्टर्लिंग मिळवून सोन्याची चोरटी आयात चालते असे आढळल्यावर १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशांसाठी निराळ्या रंगांच्या खास नोटा काढल्या. भारतात त्या चालत नसत. अशा रीतीने नाशिकच्या कामाला एक अख्खा परदेशी प्रदेश लाभला. परंतु या नोटांच्या मागे मूल्य होते ते भारताच्या तिजोरीचे, आणि तिची प्रकृती ठीक नव्हती. कुवेतने १९६१ मध्येच आपला दिनार काढला, बहरीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन करून डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला, तेव्हा उरलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानने तो १९७० पर्यंत चालविला. छापखान्याच्या कामगाराला या घडामोडीत काहीच करता येण्यासारखे नव्हते.

सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेशाचे होय. डिसेंबर १९७१ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशाला तातडीने स्वतःचे चलन हवे होते, आणि ज्या शेजाऱ्याच्या सैन्याने त्याच्या मुक्तीस साहाय्य केले त्याच्याकडेच हे काम जावे हे स्वाभाविक होते. ४ मार्च १९७२ रोजी एक टका आणि शंभर टका यांच्या, देशाचा नकाशा असलेल्या नोटा तेथे चलनात आल्या. त्या भारतात छापलेल्या होत्या. युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते! इतक्या थोड्या अवधीत असे काम उभे करणे ही कोणत्याही मुद्रकाच्या दृष्टीने मोठी कामगिरी होय. पण घाईने केलेल्या या नोटांत सुरक्षेच्या खुणा तोकड्या होत्या. बनावट नोटांचा सुळसुळाट झाला, आणि त्यातच भारताने एकाच क्रमांकाच्या नोटा दुबार छापून बाजारात सोडल्या अशी वदंता पसरली. महागाईने गांजलेल्या आणि शेजाऱ्याच्या हेतूंविषयी साशंक होऊ लागलेल्या समाजाला ती सहज खरी वाटली. नवी मालिका इंग्लंडमधून छापून आली व नकाशाच्या नोटा १९७३ मध्ये मागे घेण्यात आल्या.

येथे मुद्रणव्यवसायाची एक अंतर्गत बाजू लक्षात घ्यावी लागते. सुरक्षित छापखान्यात प्रत्येक ताव मोजून आत जातो व मोजून बाहेर येतो. वाया गेलेला तावसुद्धा हिशेबात धरून नष्ट केला जातो. या मोजणीवरच सारा व्यवसाय उभा असतो. मात्र ही मोजणी ग्राहकाला दिसत नाही. दुबार छपाई झाली नाही हे छापखान्यास ठाऊक असले तरी ग्राहकाच्या रस्त्यावरील माणसाला ते सिद्ध करून दाखविण्याचा मार्ग नसतो. संगणक-सेवा देणाऱ्या आजच्या संस्था परदेशी ग्राहकाचा लेखापरीक्षक आपल्या दालनात येऊ देतात व त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणपत्र घेतात, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. १९७२ साली तशी व्यवस्था ढाका आणि नाशिक यांच्या दरम्यान असती तर ती वदंता टिकली असती किंवा कसे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. वदंता बाजूला ठेवली तरी नोटेवरच्या खुणा तोकड्या होत्या हे सत्य उरतेच, आणि तो दोष छपाई उरकण्याच्या घाईचा होता.

हा सारा इतिहास केवळ राष्ट्राभिमानाचा आहे, प्रत्येक नव्या राज्यास स्वतःचा छापखाना हवा असतो इतकेच, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. पाकिस्तानप्रमाणे बांगलादेशानेही कालांतराने गाजीपूर येथे आपला छापखाना उभारला. परंतु या आक्षेपाने डी ला रूचा उलगडा होत नाही. तीही परदेशी पेढी होती, आणि तिच्या देशाचे हात वसाहतींच्या इतिहासात नाशिकपेक्षा किती तरी अधिक माखलेले होते. तरीही मुक्त झालेल्या वसाहती एकामागून एक तिच्याकडे गेल्या. ती खाजगी होती, दूर होती, आणि अनेक राज्यांचे काम करीत असल्यामुळे कोणा एकाच्या बाजूची वाटत नव्हती. एका ग्राहकाशी केलेली प्रतारणा तिला बाकीच्या सगळ्यांकडे महागात पडली असती. नाशिकचा छापखाना मात्र भारत सरकारच्या वित्तखात्याचा होता. त्याचा पहिला व सर्वांत मोठा ग्राहक सदैव स्वदेशच राहिला, आणि तो ग्राहक इतका मोठा की त्याची गरज भागविण्यास १९७० च्या दशकात देवास येथे आणखी एक नोटछापखाना काढावा लागला. परक्याचे काम अशा घरात उरलेल्या वेळेचे ठरते, हेही नाकारता येत नाही.

ग्राहकाच्या मनातील शंका कशी असते याचा अनुभव पुढे भारतानेही घेतला. १९९७-९८ मध्ये देशी छापखान्यांची क्षमता अपुरी पडल्यामुळे शंभर व पाचशे रुपयांच्या मिळून ३६० कोटी नोटा, सुमारे एक लाख कोटी रुपये मूल्याच्या, अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील मुद्रकांकडून छापून घेण्यात आल्या. २०१० मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रमविषयक समितीने या निर्णयावर कडक ताशेरे ओढले. परदेशी मुद्रकाने ठरल्यापेक्षा अधिक नोटा छापल्या असत्या तर काय, ही तिची चिंता होती. अडतीस वर्षांपूर्वी ढाक्याच्या बाजारात विचारला गेलेला प्रश्नच येथे दिल्लीत विचारला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच वर्षी डी ला रूलाही तडा गेला. नोटांच्या कागदाच्या चाचणी-प्रमाणपत्रांत आपल्या काही कर्मचाऱ्यांनी हेतुपुरस्सर फेरफार केल्याचे तिला मान्य करावे लागले आणि तिच्या मुख्याधिकाऱ्याने पद सोडले.

राहता राहिला नेपाळ. त्याने नोटांसाठी स्वतःचा छापखाना उभारला नाही. तो ग्राहकच राहिला, आणि म्हणून त्याचे उदाहरण सर्वांत निर्णायक आहे. १९६० च्या दशकापासून तो निरनिराळ्या देशांतील मुद्रकांकडे जात राहिला आणि २०१५ पासून मुख्यतः चीनकडे वळला. किंमत हे त्यामागील एक कारण निश्चितच होते. २०२० साली लिंपियाधुरा, लिपुलेख व कालापानी हे प्रदेश आपल्या हद्दीत दाखविणारा नवा नकाशा नेपाळने स्वीकारला, भारताने त्यास आक्षेप घेतला, आणि २०२४ मध्ये तोच नकाशा शंभर रुपयांच्या नोटेवर घेण्याचा निर्णय काठमांडूत झाला. ३० कोटी नोटांचे ते काम चिनी सरकारी मुद्रणसंस्थेस मिळाले. नाशिक रोडला ते कोणत्याही दराने करता आले नसते.