वेजच्या तळाची जडणघडण

नांदेड-लातूरची जी काळी जमीन वैशाखात भेगाळून कठीण होई आणि आषाढात कुळवाला चिकटून बसे, तिच्यात पाते किती तिरपे धरावे हे कुणब्याचे पिढीजात ज्ञान होय. पाते रुतावे की घसरावे हे त्याचा कोन ठरवतो; त्याच तत्त्वाने अमेरिकेच्या जीन साराझनने १९३१ च्या सुमारास निब्लिक या गोल्फच्या काठीच्या तळाला डाग देऊन जाडी आणली, मागची कड पुढच्या कडेहून खाली नेली, आणि वाळूत न रुतता घसरणारी ती काठी, म्हणजेच वेज, घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. मागची कड खाली गेल्याने तळाला मिळणारा हा कोन म्हणजे बाउन्स: मऊ वाळूस बारा अंशांच्या आसपासचा वा अधिक बाउन्स, कठीण भुईस पुष्कळ कमी. पुढे काठीच्या टाचेकडचा तळ घासून कमी करू लागल्यावर, मारताना काठीचे मुख उघडे वळवूनही पुढची कड फारशी उचलली जाईना, आणि माझ्या मते ही घासणी मूळ शोधाइतकीच मोलाची आहे.