माल्कमपेठ ते किर्लोस्करवाडी

ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखाली वसलेल्या सर्व वसाहतींना साम्राज्यसत्तेने एकच माप लावले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कॅनडातील गोऱ्या वसाहतकऱ्यांनी १८५९ मध्ये खुद्द विलायती मालावरील जकात वाढविली, तेव्हा शेफील्डच्या कारखानदारांनी कितीही आकांत केला तरी लंडनने ती निमूटपणे सोसली. हिंदुस्थानात मात्र लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची मर्जी राखण्यासाठी १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्याच कापडावर साडेतीन टक्के कर बसला.

हा फरक आमच्या सातारा प्रांतातही दिसतो; कॅनडासारखी गोऱ्या शेतकऱ्यांची वसाहत येथे कधी झालीच नाही. १८३३ च्या सनदेपूर्वी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या देशबांधवांनाही परवान्यावाचून येथे राहू देत नसे, मग जमीन धारण करण्याची गोष्ट दूरच. आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरी जी जागा मिळविली व जिला पुढे माल्कमपेठ म्हणू लागले, ती आजारी साहेबांना थंड हवा लाभावी म्हणून होती, नांगर धरण्यासाठी नव्हे. तेथील मातीत हात घातले ते सिंगापुराकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी. १८६४ मध्ये तेथील तुरुंग मोडेपर्यंत बटाटे आणि विलायती भाजीपाला त्यांनीच पिकविला, आणि ती विद्या आसपासच्या रयतेने त्यांच्यापासूनच उचलली. साहेबाच्या टेबलावरील बटाट्याचे श्रेय बेडीतल्या माणसाकडे जाते, ही गोष्ट इतिहासकार बहुधा तळटीपेत ढकलतात. ज्या महाराजांनी जागा दिली त्यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस धाडले, आणि १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले.

उद्योगाची खरी वसाहत उभी राहिली ती खालसा मुलखाबाहेर, औंध संस्थानात. बेळगावच्या म्युनिसिपालिटीने जागा सोडावयास लावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलनजीकचा, निवडुंग माजलेला बत्तीस एकरांचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, अशी ज्या कुणब्याची समजूत, त्यालाच किर्लोस्करांना लोखंडी नांगर विकावयाचा होता. पंतप्रतिनिधींजवळ देण्यासारखे होते ते एवढेच, माळ, कर्ज आणि आपला शब्द. बंदरावरील जकात आणि आगगाडीचे भाडे ठरविण्याची सत्ता, जी कॅनडातल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या हाती होती, ती औंधच्या गादीकडे नव्हती. तरीही वस्ती वाढली, आणि कुंडल रोड स्टेशनाच्या फलकावर पुढे किर्लोस्करवाडी हे नाव आले.